राखेच्या पाण्यातली हिरवी ज्योत

त्या वर्षी आमच्या भागात वाहतं पाणी एकच उरलं होतं, आणि ते वीजघरातून येत होतं.

बाहत्तर सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. संगमनेरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि पुणतांब्यापासून बैलगाडीने दीड तासावरच्या एका गावात, हायस्कुलात विज्ञान शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. ज्यांच्या घरात मी खोली घेतली होती त्या शेतकऱ्याला सगळं गाव मामा म्हणायचं, म्हणून मीही मामा म्हणू लागले. मामांची शंभरेक कागदी लिंबाची झाडं होती. आमचं गाव कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. कालवा आटायला लागला तसा तो आमच्याकडूनच आटत गेला. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसू लागले होते.

गावापासून दीड मैलावर कोळशावर चालणारं एक लहानसं वीजघर होतं. रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा यायचा, गोदावरीच्या डोहातून पंपाने पाणी यायचं. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून मोठ्या नळाने मागच्या तळ्यात सोडत. मातीचा बांध घालून केलेलं तळं होतं ते. राख खाली बसायची आणि वरचं निवळलेलं पाणी बांधाच्या सांडव्यावरून ओढ्यात पडायचं. एरवी त्या ओढ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण त्या वर्षी सगळा मुलूख करपलेला असताना तो ओढा रात्रंदिवस खळखळत होता. पाणी दिसायलाही स्वच्छ. तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं.

एके दिवशी मामांनी ओसरीवर पाच-सात जण जमवले आणि म्हणाले, "पानी आपल्या नाकासमोरनं वाया चाललंय. पाट खोदू. मुरमाड जमीन हाय, पर समदं गाव लागलं तर पंधरा दिवसांचं काम."

आणि खरंच सगळं गाव लागलं! मी शहरात वाढलेली नव्हते, पण हातात कुदळ कधी धरली नव्हती. त्या पंधरा दिवसांत मी माती वाहायला शिकले, आणि पाटी डोक्यावर ठेवून न धरता चालायलाही शिकले. नववीचा अख्खा वर्ग शाळा सुटली की पाटावर यायचा. मामांच्या शेजारचे, बांधावरून एरवी भांडणारे दोन चुलतभाऊ एकाच पहारीला लागलेले मी पाहिले. शेवटच्या दिवशी ओढ्याकडचा मातीचा बंधारा फोडला. पाणी आधी बोटभर आलं, मग वीतभर, पुढे फेस, काडीकचरा ढकलत, कोरड्या मुरमात चुर्र आवाज करत. आम्ही त्याच्या बरोबरीने पाटाच्या काठाने धावत सुटलो. मामा पन्नाशीचे असतील, तेसुद्धा धोतर खोचून धावत होते. पाणी त्यांच्या लिंबाच्या पहिल्या आळ्यात शिरलं तेव्हा ते मटकन खाली बसले आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून मला म्हणाले, "बाई, जगली बगा झाडं!"

जगली खरीच. महिनाभरात झाडांनी नवी पालवी धरली. गव्हाचे चार-दोन तुकडे हिरवे झाले. लोक दुसऱ्या गावांतून आमचा पाट बघायला येत. मी वर्गात राख, निवळणं, गाळणं हे धडे त्या पाटाकडे बोट दाखवून शिकवले, आणि मनापासून अभिमानाने शिकवले. ते मला आजही आठवतं.

मामांच्या मळ्यात कामाला येणारी एक बाई होती. मी तिला ताई म्हणायचे. तिची वस्ती राखेच्या तळ्याच्या बांधाखाली, ओढ्याच्या पलीकडे होती. सोळा वर्षांपूर्वी बौद्ध झालेली दहा-बारा घरं. वस्तीच्या दोन विहिरी होत्या. सगळ्या गावाच्या विहिरी आटल्या तरी त्या दोन अर्ध्याहून जास्त भरलेल्या. गावातल्या बाया हेव्याने म्हणायच्या, त्यांचं नशीब बघा.

एकदा दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना ताई मला म्हणाली, "बाई, तुमी पान्याचं शिकवता नव्हं? मग मला एक सांगा. आमच्या हिरीच्या पान्यात डाळ का शिजंना?"

"पाणी जड असेल," मी म्हणाले. "चुना असला की शिजत नाही."

"आदी शिजत हुती. ह्याच हिरीच्या पान्यात माझ्या सासूनं शिजवली, म्या शिजवली. ह्या दोन सालांत न्हाई शिजत. घागरीला आतनं पांढरं बसतंय. आन् साबन तर फुटतच न्हाई."

"कुणाला सांगितलंत का?"

ती हसली. "कुनाला सांगू? म्हंत्यात, तुमाला पानी तरी हाय."

मी तेव्हा मान हलवली आणि विसरले. हे लिहायला लाज वाटते, पण विसरले. ते परत आठवलं माघ महिन्यात, जेव्हा मामींनी एक लिंबाची फांदी आणून माझ्यापुढे धरली. जुन्या पानांची टोकं पिवळी पडली होती. पिवळेपणा कडेकडेने खाली उतरत होता आणि टोकाला तर कागद विस्तवाला लावल्यासारखं तपकिरी झालेलं. नवीन पालवी मात्र ठीक. मामांना रोग वाटला. त्यांनी गंधक मारलं, राख टाकली, काही फरक पडेना. आठवड्याला आठ-दहा झाडं त्या वाटेला लागत होती. मी बागेत चालत गेले तेव्हा एक गोष्ट एकदम डोळ्यांत भरली. पाटाजवळची झाडं जास्त करपलेली, आणि बागेच्या वरच्या अंगाची, जिथं पाटाचं पाणी चढतच नव्हतं आणि मामी शाळेच्या विहिरीच्या तळाचं पाणी घागरीने घालायच्या, ती आठ झाडं रोडकी पण निरोगी.

तिथंच उभ्याउभ्या मला ताईची डाळ आठवली. एकच पाणी! विहिरीत तेच, पाटात तेच!

दुसऱ्या दिवशी मी शाळेतलं कपाट उघडलं. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक काचेचं कपाट, दोन स्पिरिटचे दिवे आणि डझनभर बाटल्या. ताईने तिच्या विहिरीचं पाणी आणून दिलं, पाटाचं मी आणलं, शाळेच्या विहिरीचं होतंच. तांबडा लिटमस शाळेच्या पाण्यात जेमतेम बदलला, पाटाच्या आणि ताईच्या पाण्यात लगेच निळा झाला. बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले तर त्या दोन्ही पाण्यांत दुधासारखा पांढरा साका. ताई नळीकडे टक लावून बघत होती. "हेच घागरीला बसतंय?" तिने विचारलं. तसंच काहीतरी, मी म्हणाले. राखेतल्या चुन्याच्या क्षारांनी पाणी जड झालं होतं; डाळीचं कोडं सुटलं होतं. आता लिंबाचं. मला खात्री होती की पाण्यात मीठ आहे, मिठाने कडा जळतात. सिल्व्हर नायट्रेटची बाटली काढली, अगदी तळाशी राहिलेली, आणि जपून थेंब टाकले. तिन्ही नळ्यांत सारखाच किंचित गढूळपणा! मीठ जास्त नव्हतंच. मी परत टाकले, परत तेच. बाटली संपली आणि माझी विद्याही संपली.

रविवारी मी पितळी डब्यात लिंबाची पानं भरली, दोन एसट्या बदलल्या आणि संगमनेरला माझ्या जुन्या प्राध्यापकांच्या दारात उभी राहिले. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मला बघून त्यांना वाटलं मी खायला काही आणलंय. डबा उघडला तर पानं!

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, एकेक पान उजेडात धरलं. पानांची खालची बाजूही पाहिली. मग म्हणाले, "नवीन पानं कशी आहेत?"

"चांगली आहेत सर."

"टोकापासून सुरू होतं? आधी जुन्या पानांवर?"

"हो."

"मग मीठ नसेल. मी प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही, फक्त वाचलंय. बोरॉन. झाडाला तो लागतो, पण चिमटीच्याही चिमटीएवढा. जरा जास्त झाला की लिंबू, संत्री सगळ्यात आधी जळतात. दगडी कोळशात असतो तो. कोळसा जळतो, राखेत उरतो, आणि राख भिजली की पाण्यात उतरतो. साधं पाणी दिसतं. ना वास, ना रंग."

मी विचारलं, "शाळेत ओळखता येईल?"

"तूच रसायनाची," ते हसून म्हणाले. "आठव की. तीव्र गंधकाम्ल आणि स्पिरिट घालून पेटवलं तर काय होतं?"

आणि मला आठवलं! दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स, बशीतली ज्योत, हिरवी कड. मी तिथंच टाळी वाजवली. सरांच्या बायकोने आतून डोकावून पाहिलं, काय झालं म्हणून. सरांनी मात्र मला दारापर्यंत पोचवताना बजावलं, "पाण्यात तो फार थोडा असणार. चार-दोन घोटांत दिसायचा नाही. घागरीच्या घागरी आटवाव्या लागतील. आणि तुझ्याकडे नक्की बोरॉनवालं काहीतरी हवं शेजारी ठेवायला, म्हणजे ज्योत ओळखता येईल."

एसटीत खिडकीशी बसून मी विचार करत होते की नक्की बोरॉनवालं काही या खेड्यात कुठून आणायचं. राहाता मागे पडलं आणि एकदम सुचलं. कॅरम! आमच्या मास्तरांच्या खोलीत कॅरम बोर्ड होता, आणि सोंगटी सरकायला त्यावर टाकायची पांढरी पावडर म्हणजे बोरिक पावडरच की! मी स्वतःशी मोठ्याने हसले, तशी शेजारच्या आजीबाईंनी पिशवी घट्ट धरून माझ्यापासून थोडं सरकून घेतलं.

आटवायला काहील मिळाली मामांच्या गुऱ्हाळात. ऊसच नव्हता, त्यामुळे गुऱ्हाळ बंद पडलेलं. ती प्रचंड लोखंडी काहील आम्ही घासून लख्ख केली. मामा साशंक होते.

"पान्याचा गूळ करताय का बाई?"

"व्हय मामा," मी त्यांच्याच भाषेत म्हणाले, "आणि लई कडू निघणार हाय."

ताईने वस्तीतल्या चार बायका आणल्या. त्यांच्या विहिरीचं पाणी घागरीने काहिलीत पडू लागलं. गेल्या सालच्या उरलेल्या पाचटाचा जाळ घातला. सकाळपासून दुपार टळेपर्यंत आम्ही पाणी आटवलं. वाफेने घामाघूम झालो, बायका गाणी म्हणायला लागल्या, मामींनी सगळ्यांना चहा केला आणि पहिल्यांदा ताईला ओसरीवर, सगळ्यांसारख्याच कपात दिला. ताईने कपाकडे पाहिलं, मग मामींकडे, आणि प्याली. शेवटी काहिलीच्या तळाशी करडा-पांढरा थर उरला. तो खरवडला तर ओंजळभर भरला. मग काहील धुऊन शाळेच्या विहिरीचं पाणी तितकंच आटवलं. त्याची दोन चमचे पूड निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नववीच्या वर्गाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. आत काळोख केला. मुलांबरोबर मामा, मामी, ताई, हेडमास्तर, झाडून सगळे दाटीवाटीने उभे. मी टेबलावर तीन चिनी मातीच्या बशा मांडल्या. पहिलीत कॅरमची पावडर, दुसरीत शाळेच्या पाण्याची पूड, तिसरीत ताईच्या विहिरीची. प्रत्येकीत जपून गंधकाम्लाचे थेंब, मग स्पिरिट. सगळ्यांना चार पावलं मागे सारलं.

पहिली बशी पेटवली. हिरवीगार ज्योत! पोपटाच्या पंखासारखी. मुलं टाचा उंचावून बघू लागली.

दुसरी पेटवली. निळसर, थोडी पिवळी, साधी स्पिरिटची ज्योत. काही नाही.

तिसऱ्या बशीला लावायच्या आधीच पहिली काडी विझली. दुसरी लावली. आधी पिवळी ज्योत आली. आणि मग, स्पिरिट जरा तापल्यावर, ज्योतीच्या कडेला हिरवी रेघ उमटली. ती वर चढली, रुंदावली, आणि अख्खी ज्योत हिरवी होऊन डोलायला लागली.

वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गाचे मास्तर धावत आले. मुलं बाकांवर चढली. मी काय करत होते? मी उड्या मारत होते, साडी नेसलेली, हेडमास्तरांच्या समोर! इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. मग माझी नजर ताईकडे गेली. ती ओरडत नव्हती. तिने हळूच विचारलं, "बाई, हे आमी दोन साल पितोय?"

मी उड्या मारायची थांबले.

दोन दिवसांनी मामा आणि मी वीजघरावर गेलो. तिथले इंजिनीअर पस्तिशीचे होते, अंगात कोळशाच्या डागांचा शर्ट. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पण मान हलवली.

"बाई, पाणी कशातून नेलंत?"

"घागरींतून."

"पितळेच्या?"

"काही पितळेच्या, काही मातीच्या."

"बघा. पितळेत तांबं असतं. तांब्यानेही ज्योत हिरवी होते. तुम्हाला तांबं दिसलं असेल. रागावू नका, पण मी असल्या पुराव्यावर वर कळवलं तर मला वेड्यात काढतील."

मामा उठायला लागले. मला रडू येईल असं वाटलं, आणि मग राग आला, आणि मग लक्षात आलं की हा माणूस बरोबर विचारतोय. तांब्याची हिरवी ज्योत मी शिकवलीही होती वर्गात! मी म्हणाले, "मग तुम्ही पाणी भरा. तुमच्या काचेच्या बरण्यांत, तुमच्या हाताने. जाळ आम्ही घालू. तुम्ही शेजारी बसा, जागचे हलू नका."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "रविवारी सुट्टी असते मला," ते म्हणाले.

रविवारी ते खरंच आले, ट्रॉलीत काचेच्या मोठाल्या बरण्या घालून. ज्यांत ॲसिड यायचं तसल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या. स्वतः सांडव्यावर जाऊन भरल्या, ताईच्या विहिरीतूनही भरल्या. काहिलीशेजारी दिवसभर बसले. पाचट सारायलाही लागले. बशा पेटवताना स्पिरिटही त्यांनीच ओतलं. पुन्हा हिरवी! दोन्ही बशा! मी ओरडणार एवढ्यात तेच ओरडले, "अरे वा!" आणि मग वळून ताईकडे पाहिलं. कारण तो आनंद कशाचा होता ते त्यांनाही उमगलं.

"चला," ते ताईला म्हणाले, "तुमची विहीर परत दाखवा." विहिरीत उतरून त्यांनी बांधाकडच्या बाजूला हात फिरवला. दगडांच्या सांध्यातून पाणी ओघळत होतं. तळ्याच्या बांधाखालून मुरमातून झिरपत येत होतं. म्हणजे ह्या भरलेल्या विहिरी म्हणजे राखेचं तळंच होतं, फक्त जमिनीखालून आलेलं.

त्या संध्याकाळी चावडीसमोर गाव जमलं. मला वाटलं होतं, ज्योतीचं सांगितलं की सगळे मान्य करतील. कसलं काय! एक जण उठून म्हणाला, "ह्या साली पान्याला न्हाई म्हनायचं? बाई, तुमचा पगार येतोय. आमी काय करायचं?" दुसरा म्हणाला, "गव्हाला काय झालं न्हाई." ते खरं होतं, गव्हाला तेवढं झालं नव्हतं. इंजिनीअर उभे राहिले, पण ते वीजघराचे, त्यांचं कोण ऐकणार?

तेव्हा ताई उठली. वस्तीतली माणसं सभेच्या कडेला बसायची. ती कडेवरून उठून मधोमध आली.

"तुमच्या झाडाची पानं जळली म्हून तुमी आज बसला," ती म्हणाली. "आमची डाळ शिजंना तवाच म्या सांगत हुते. झाडाला बोलता येत न्हाई, पर त्याचं ऐकलंत. आता माझं ऐका. माझी लेकरं हे पानी पित्यात. उद्यापास्नं न्हाई पिनार. मंग कुठलं प्यायचं, ते सांगा."

कुणी बोलेना. ते गप्प बसणं कशाचं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गावच्या विहिरीवर वस्तीच्या बायका पाणी भरत नसत. शेवटी मामा उठले. मला वाटलं पाटाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "माझी हीर आटली, पर तळाला हात-दोन हात पानी हाय. उद्यापास्नं वस्ती माझ्या हिरीवर भरंल. पोहरा मी बांधतो. ज्याला बघवत न्हाई त्यानं मळ्यात यिऊ नये." आणि तडक फावडं घेऊन निघाले. आम्ही पन्नास-साठ जण मागोमाग. आपल्या बागेत पाणी शिरायचं तोंड त्यांनी मातीने लिंपून बंद केलं, फावड्याच्या पाठीने थोपटून थोपटून. मग त्यांचे शेजारी, मग ते दोघे चुलतभाऊ. सगळ्यांनी नाही केलं. निम्म्यांनी केलं. पण मी जे बघत होते त्याने मला भरून आलं होतं.

पाटाचं काय करायचं हा प्रश्न इंजिनीअरांनी सोडवला, आणि तोही दुष्काळाच्या जोरावर. गोदावरीचा डोह उतरत चालला होता, वीजघरालाच पाणी पुरेना. त्यांनी वरच्या साहेबांना कळवलं की तळ्यावरून सांडणारं पाणी पंपाने परत आत घेतलं तर राख कालवायला नवं पाणी लागणारच नाही. बोरॉन, विहिरी, लिंबं हे त्यांनी पत्राच्या शेवटच्या कलमात घातलं होतं, असं ते मला हसत म्हणाले. पाणी वाचतंय हे पहिल्या कलमात. दीड महिन्यात जुना पंप आणि नळ बसला. ते बटण दाबायच्या वेळी त्यांनी आम्हाला बोलावलं. मामा, ताई, मी, आणि माझ्या मागे अर्थातच नववी. पंप घुरघुरला, सांडव्यावरची धार बारीक झाली, मग ठिबकायला लागली, मग थांबली. आणि आम्ही सगळे, ऐन दुष्काळात, पाणी बंद झालं म्हणून टाळ्या वाजवत होतो!

पुढचंही सांगते. मामांची तीसेक झाडं मेली, बाकीची पुढच्या वर्षी हळूहळू सावरली. बांधाखालच्या त्या दोन विहिरी मी गावात होते तोवर गोड झाल्या नाहीत. तळं तिथंच होतं आणि झिरपणंही. वस्तीच्या बायका मामांच्या विहिरीवर येत राहिल्या. चार-दोन घरांनी मामांशी बोलणं टाकलं, ती काही महिन्यांनी परत बोलायला लागली. त्या पाण्याने वस्तीतल्या माणसांचं काय झालं, काही झालं की नाही, हे ताईने मला पुष्कळदा विचारलं. मी नगरच्या सरकारी दवाखान्याला दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. मला ते तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

पण मामा स्वस्थ बसणारे नव्हते. पाऊस झाला, मेलेली झाडं उपटून झाली, आणि ते सकाळी सकाळी माझ्या खोलीपुढे येऊन उभे. "बाई, ह्या जमिनीत तुमचं ते बोरान बसलंय ना? मग काय यील हितं?"

"मला माहीत नाही मामा."

"मंग बगू की!"

आम्ही सहा वाफे पाडले. मूग, घेवडा, गहू, कांदा, कापूस, आणि जनावरांसाठी लसूणघास. ताईने बी टाकलं. पाणी मामी घालायच्या. रोज शाळेत जाताना मी वही घेऊन वाफ्यांत उभी राहायचे आणि पानांची टोकं बघायचे. घेवड्याने दुसऱ्या आठवड्यात मान टाकली. मूग पिवळा पडला. गहू, कांदा रडतखडत आले, कापूस बरा आला. आणि घास असा तरारून वर आला की मामांनी पहिली पेंढी कापून, डोक्यावर घेऊन, थेट शाळेत माझ्या वर्गात आणली.